खडकवासल्याच्या दत्तप्रसादांचे पाय

कोथरूड, पुणे
४ फेब्रुवारी २०२५

सौ. द्वारका मावशीस साष्टांग नमस्कार.

पोहोचल्याचे कळव म्हणाली होतीस. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडून बोललो की खोलीतले बाकीचे तिघे हसतात. म्हणून पत्र.

काम मिळाले. एका सोसायटीखालच्या गाळ्यात 'थेरपी सेंटर' आहे. सोळा खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीपुढे वजनकाट्यासारखे चपटे मशीन. मशीनवर पावलांच्या आकाराचे दोन काळे रबर. म्हातारी माणसे चपला काढून त्यावर पाय ठेवतात, मी बटण फिरवतो आणि तळव्यांतून बारीक करंट जातो. मुंग्या येतात, पोटऱ्या आपोआप उडतात. अर्धा तास, रोज, फुकट. दोन-तीन महिने फुकट बसले की माणूस लाजेनेच मशीन विकत घेतो, असा आमच्या सौरभ सरांचा हिशेब आहे. मध्येमध्ये कोणीतरी उठून माईकवर आपला 'अनुभव' सांगतो. झोप लागली, कंबर मोकळी झाली, जिना चढता आला.

माझे काम पुसण्याचे. करंट नीट जावा म्हणून रबरावर पाणी मारायचे आणि माणूस उठला की फडके फिरवायचे. मावशी, तुझ्यापासून काय लपवू, मला किळस येते. भेगांतला मळ पाण्याने सुटतो आणि रबरावर राखाडी साय धरते. त्यात बामाचा वास. एकदा अख्खे नख निघाले. ज्यांचे होते त्या श्यामलाताईंना दाखवले तर म्हणाल्या, "अगंबाई, गळलं का? टाका टाका." दुपारी डब्यातल्या पोळीचा पापुद्रा सुटला की मला टाच आठवते. मी तीन वेळा साबणाने हात धुतो आणि तरी चमच्याने खातो.

काकांना नमस्कार. त्यांची तब्येत कळव.

तुझा
उत्तरेश्वर

*

कळंब
१२ फेब्रुवारी

चि. उत्तरेश्वर,

पत्र पोचलं. काम लागलं, बरं झालं. पण पायांची किळस करायची नाही. तुझी आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा होतास आणि तुझे दोन्ही पाय खरजेने भरलेले. पू यायचा. मी रोज कडुलिंबाच्या पाण्याने धुवायचे आणि त्याच हाताने भाकरी थापायचे. तू ती खाल्लीस.

तुझ्या काकांचं साखरेचं दुखणं आता पुरतं पायांत उतरलंय. गेल्या सोमवारी बाजारातून आले, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. मी म्हटलं, "दुसरी कुठंय?" म्हणाले, "पायात हाय की." खाली बघितलं, हसले, आणि मग जेवलेच नाहीत. मागे एकदा न्हाणीत कढत पाणी पायावर घेत बसले होते, कातडी लाल झाली तरी पत्ता नाही. म्हणतात, "द्वारके, हे पाय दुसऱ्याचेयत. मला नुसते सांभाळायला दिलेत." पाच वर्षं झाली. बार्शीचे डॉक्टर सांगतात, गेलेली जाणीव परत येत नाही. रोज आरशात तळवे बघा, जखम होऊ देऊ नका, एवढंच हातात आहे. मी रोज संध्याकाळी आरसा धरून बघते.

तुझ्या त्या मशीनचा काही उपयोग होईल का रे? तू रोज बघतोस. तू उगाच काही लिहिणारा नाहीस. तू म्हणशील तसं करू.

तुझी मावशी

*

कोथरूड
२० फेब्रुवारी

सौ. मावशीस साष्टांग नमस्कार.

काकांचे वाचून वाईट वाटले. चपलेचा प्रसंग मी दोनदा वाचला.

मशीनबद्दल विचारलेस. काल सेंटर बंद झाल्यावर मी स्वतः पाय ठेवले. आधी रबर साबणाने धुतले. पाच आकड्यावर मुंग्या आल्या, आठवर पायाची बोटे आपोआप मिटू लागली, दहावर पोटरी अशी उडाली की ती माझी नाहीच असे वाटले. दुसरा कोणी आत बसून दोरी ओढतो आहे. मला ओकारी येईल असे वाटले, पण बंद करावेसे वाटेना. नंतर जमीन कापसासारखी लागली आणि मन हलके झाले. बसमध्ये झोप लागून माझा थांबा गेला. तर बरे वाटते, हे खरे. बरे होते का, ते मला सांगता येणार नाही.

इथे एक रावसाहेब येतात. वय सत्तरच्या पुढे, एकटे राहतात. रोज पहिली खुर्ची धरतात आणि पेपर वाचतात. सौरभ सर त्यांना म्हणाले, "रावसाहेब, तुम्ही अनुभव कधी सांगणार?" ते म्हणाले, "तुम्ही पाय ठेवायला सांगितलेत, मी ठेवले. विश्वासही ठेवायचा होता होय? बोर्डावर लिहीत जा तसं." सगळे हसले.

एक चांगली बातमी. माझे अक्षर पाहून सरांनी मला थोडे लिखाणाचे कामही दिले आहे. त्या वेळेपुरते पुसणे सुटते.

तुझा
उत्तरेश्वर

*

कळंब
१८ मार्च

चि. उत्तरेश्वर,

अरे, एवढी मोठी गोष्ट आणि पत्रात एक अक्षर नाही!

शेजारच्या इंद्रजीतच्या मोबाईलवर कुणीतरी तुमच्या सेंटरचा फोटो पाठवला. पांढरा फळा, वर 'आजचा अनुभव'. त्याने मला दाखवला आणि मी पहिल्या ओळीलाच ओळखलं, हे आमच्या पोराचं अक्षर. चष्मा पुसून सगळं वाचलं. 'मी दत्तप्रसाद, राहणार खडकवासला. पाच वर्षांपासून मधुमेहाने माझे पाय बधिर झाले होते. बाजारातून येताना एक चप्पल कुठे गळाली ते मला कळले नाही. हे पाय दुसऱ्याचे आहेत आणि मला केवळ सांभाळायला दिले आहेत असे वाटे. चाळीस दिवस थेरपी घेतल्यावर माझे पाय मला परत मिळाले.'

काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मोबाईल हातात घेऊन तो फळा बघितला. मग म्हणाले, "हा माणूस म्हणजे मीच की गं." म्हणाले, परत वाच. परत वाचलं. पत्रात तू 'सांगता येणार नाही' म्हणालास, तेव्हा हा माणूस तुला भेटला नसेल. मी म्हटलं, उत्तरेश्वरने स्वतःच्या हाताने लिहिलंय म्हणजे पारखूनच लिहिलं असणार. बार्शीच्या एजंटाकडून मशीन मागवलं. आठ दिवस झाले.

पहिल्या दिवशी पाचवर काही नाही. दहावर काही नाही. चौदावर नेलं आणि ह्यांची पोटरी टुणकन उडाली. एकदम ओरडले, "आलं! आलं!" मला ऐकू आलं, ह्यावरून समज. आणि मग रडायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना दोनदाच रडताना बघितलं, हे दुसरं.

तुला उदंड आयुष्य मिळो. त्या दत्तप्रसादांनाही.

मावशी

*

कोथरूड
२३ मार्च

सौ. मावशीस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून आनंद झाला. काही नियम लिहितो, ते नीट पाळावेत.

आकडा पाचच्या वर नेऊ नये. वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. आधी व नंतर तळवे पाहावेत. डॉक्टरांचे औषध चालू ठेवावे. काही वाटल्यास ताबडतोब बंद करावे. खरे म्हणजे डॉक्टरांना विचारल्याशिवाय न वापरलेलेच बरे.

दत्तप्रसादांना मी फारसे ओळखत नाही.

इथे ऊन वाढले आहे. फडक्यांना वास येतो, दोन वेळा बदलतो. जेवण कमी झाले आहे, बाकी ठीक.

तुझा
उत्तरेश्वर

*

कळंब
१६ एप्रिल

चि. उत्तरेश्वर,

तुझे नियम काकांना वाचून दाखवले. म्हणाले, "पाचवर मुंगी पण चावत नाही. पोराला भीती फार, लहानपणापासूनच." आता अठरावर बसतात, सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. बसले की चेहरा बघावा. लग्नात होता तसा. मला जवळ बोलावून पोटरीवर हात ठेवायला लावतात, "बघ, जिवंत हाय."

चप्पल सोडली आहे. जमीन पायाला कळू दे म्हणतात. पार शेताच्या बांधापर्यंत अनवाणी जाऊन आले, बाभळीखालून. मी रागावले तर म्हणाले, "काटा लागला असता तर कळलं नसतं का? आता पाय माझेयत." मीही आरसा धरायचं सोडलं. कशाला उगीच त्यांचा उत्साह मोडा.

चार-पाच दिवस जरा कणकण आहे त्यांना, उन्हाची असेल. आणि घरात कुठेतरी उंदीर मेलाय. असा वास की नाकाला पदर लावल्याशिवाय बसवत नाही. कपाट सरकवलं, माळा उतरवला, धान्याची कोठी रिकामी केली. इंद्रजीतही शोधून गेला. सापडत नाही. आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त वास ह्यांच्या खुर्चीपाशी. खुर्चीखाली दहा वेळा झाडलं. ह्यांना काही नाही, मजेत बसलेले असतात.

दत्तप्रसाद भेटले तर विचार, त्यांनीही आता चप्पल सोडली का. काका रोज विचारतात.

मावशी

*

कोथरूड
२० एप्रिल

मावशी,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा इंद्रजीत काकांना बार्शीला घेऊन गेलेला असेल. तुझे पत्र जिन्यातच उघडले आणि तिथूनच त्याला फोन केला. त्याला सांगितले, उंदीर शोधू नकोस, काकांचा पाय उचल आणि खालून बघ. मी फोन धरून होतो. आधी तू काहीतरी म्हणालीस ते ऐकू आले. मग इंद्रजीत उलटी करतो आहे ते ऐकू आले.

फोनवर जे सांगता आले नाही ते लिहितो.

खडकवासल्याला दत्तप्रसाद नावाचा कोणी माणूस नाही. निदान माझ्या माहितीत नाही. सरांनी रोज एक अनुभव लिहायला सांगितला. म्हणाले, माणसं माईकवर अडखळतात, तू नीट लिही, नावगाव काहीही घाल. गुडघा, कंबर, झोप असे नऊ लिहिले. मग ते म्हणाले, मधुमेहाच्या पायांचा हवा, त्याला मागणी आहे. बधिर पाय कसे असतात हे मला ठाऊक नव्हते. तुझे पत्र खिशात होते. चप्पल तुझ्या पत्रातली. 'सांभाळायला दिलेत' हे काकांचे. पाच वर्षेही काकांचीच. फक्त शेवटची ओळ माझी.

काका म्हणाले, हा माणूस म्हणजे मीच, ते म्हणूनच. मला तेव्हाच लिहायला हवे होते. मी नियम लिहिले. तू मला खोटे लिहिणारा समजू नयेस, एवढ्यासाठी.

आणि त्यांना जे कळत होते तो तळवा नव्हता. बटण वर नेले की करंट पोटरीपर्यंत जातो. पोटरीतली जाणीव शिल्लक असते, तिथला स्नायू उडतो आणि माणसाला वाटते, पाऊल जागे झाले. हे इथल्या मशीनच्या माहितीपत्रकात मागच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले आहे. पाय बधिर असलेल्यांनी वापरू नये, असेही आहे. मी ते फेब्रुवारीतच वाचले होते. मी सगळेच वाचतो.

आता फडक्याची, भेगांची किळस येत नाही. ती कुठल्या कुठे गेली. जेवताना माझ्याच उजव्या हाताची येते.

उत्तरेश्वर

*

कळंब
९ मे

उत्तरेश्वर,

उजव्या पायाचं पुढचं अर्धं पाऊल काढलं. पाचही बोटं गेली. टाच ठेवली. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर गुडघ्यापासून कापावा लागला असता. जखम बाभळीच्या काट्याने झाली की मशीनने भाजून, ते आता सांगता येत नाही म्हणाले. आत बोटभर काटा सापडला. त्याच्यावर रोज तासभर करंट.

मी त्यांना पुसते, उचलते. वास येतो तो कपड्यांत, केसांत बसलाय. त्याची मला किळस नाही. तुझं पत्र मात्र मी पदराच्या टोकात धरून वाचलं. तुझ्या आईने दोन पोरं गमावली आणि तू वाचलास, म्हणून तुला शिकवायचा प्रयत्न केला. शाळा सुटली तरी म्हटलं, अक्षर तरी आहे पोराजवळ. आमचेच पाय आम्हाला विकलेस रे. आणि वर लिहिलंस, 'आकडा पाचच्या वर नेऊ नये.'

काकांना सगळं सांगितलं. तुला शिव्या देतील वाटलं. ते इतकंच म्हणाले, "म्हणजे तो बरा झालेला कुणीच न्हाई?" तिसऱ्या दिवशी म्हणाले, मशीन कुठं ठेवलंस, डाव्या पायाला लावू. मी म्हटलं, वेड लागलंय का. तर म्हणाले, "खोटं असंल. पण तेवढा वेळ मला पाय होते." मशीन मी इंद्रजीतला फोडायला दिलं. त्यांच्यासमोर नाही.

आता एक काम कर. फळ्यावर तुझ्या काकांचा, भीमरावांचा अनुभव लिही. नाव, गाव, पाऊल, सगळं खरं. त्याच अक्षरात. ते झाल्याशिवाय मला पत्र पाठवू नकोस.

द्वारका

*

कोथरूड
१७ मे

मावशी,

लिहिले. म्हणून पत्र पाठवतो आहे. पुढच्या शनिवारच्या गाडीने निघतो. दार उघडायचे की नाही ते तू ठरव. उघडलेस तर रोजचे ड्रेसिंग मी करीन.

सेंटर साडेसातला उघडते, सर साडेदहाला येतात. मी सहालाच जाऊन फळा पुसला आणि सगळे लिहिले. उंदराचा वास, काटा, अर्धे पाऊल, आणि काकांचे ते वाक्य, की तेवढा वेळ मला पाय होते. खाली माहितीपत्रकाच्या मागच्या पानावरचे बारीक अक्षर मोठे करून लिहिले.

लोक आले, वाचले. श्यामलाताईंनी विचारले, "हे पण तुम्हीच रचलंत का?"

मी म्हणालो, "नाही. हे माझे काका."

"आणि ते खडकवासल्याचे?"

"ते रचलेले."

रावसाहेब पेपरामागून म्हणाले, "तरीच. पाय परत मिळालेला माणूस एकदाही भेटायला चालत आला नाही, तेव्हाच म्हटलं."

एक गृहस्थ चपला घालून तावातावाने निघून गेले. दोघी पाय न हलवता तशाच बसून राहिल्या. म्हणाल्या, आमची दहा मिनिटं शिल्लक आहेत. मला वाटले, संपले, एवढेच व्हायचे होते. तेवढ्यात श्यामलाताईंनी मशीनवरून पाय काढला आणि खाली न बघता माझ्यापुढे केला. "जरा तळवा बघता का हो? मला वाकता येत नाही. घरी कोणाला सांगू? सून खराडीहून सात वाजता येते, तिला काय पाय दाखवू?"

मी खाली बसलो. तीन महिने मी ते रबर पुसले, मावशी, तळवा एकाचाही पाहिला नव्हता. त्यांच्या अंगठ्याखाली रुपयाएवढी पांढरी कातडी होती आणि दाबल्यावर खालून पाणी हलले. दवाखान्यात जा म्हणालो. मग दुसऱ्या बाईंनी पाय पुढे केला. मग पलीकडच्या आजोबांनी. अकरा जणांचे पाहिले. दोघांना जखमा होत्या आणि त्या त्यांना ठाऊक नव्हत्या. एकाच्या बोटांच्या बेचक्यात कापसाचा बोळा कधीचा राहून गेला होता. काढला तर हिरवा निघाला. दोनदा तोंडात पाणी आले, ते गिळले.

रावसाहेब शेवटपर्यंत पेपर वाचत होते. मी विचारले, "तुमचे बघू?" ते म्हणाले, "माझ्या तळव्यावर काय बातमी असणार?" पण पाय दिला. त्यांच्या टाचेत ड्रॉइंग पिन होती. डोके कातडीत रुतून सपाट झाले होते, भोवती काळे कडे. मी बोट लावून सांगितले. त्यांना मी बोट लावल्याचेही कळले नाही. त्यांच्या मशीनचा आकडा वीसवर होता.

"कोणत्या नोटीस बोर्डाची आहे ते बघा," ते म्हणाले. "परत करायला हवी." कोणी हसले नाही. मग पेपर बाजूला ठेवून हळूच म्हणाले, "मला काहीच कळलं नाही हो. मी रोज इथं बसत होतो."

तेवढ्यात सर आले. त्यांनी फळा वाचला, स्वतःच्या रुमालाने पुसला आणि मला आत्ताच्या आत्ता निघ म्हणाले. मी निघू शकलो नाही. रावसाहेबांना दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली होती आणि ती येईपर्यंत त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. पिन काढायची नव्हती. टाच खाली टेकू द्यायची नव्हती. वीस मिनिटे लागली. वास येत होता, पँट ओली झाली, सर डोक्यावर उभे राहून बोलत होते.

मी पाय खाली ठेवला नाही.

उत्तरेश्वर